स्क्वेअर फुटाचा भाव

पहाटे ५.३०

भट्टीच्या कंट्रोलरवर १३८ आकडा दिसतोय. म्हणजे झाकण उघडायला अजून तीन तास तरी आहेत. नाशिकमधल्या अंबडच्या या गाळ्यात डिसेंबरातली पहाट आठ-नऊ अंशांची असते. आतली काच १३८ला आणि बाहेरची हवा नऊला, अशा वेळी झाकण बोटभर जरी उचललं तरी रात्रभराच्या कामाचे दोन तुकडे होतात, तेही चांगला ‘टण्’ असा आवाज करून. काचकाम म्हटलं की लोकांना लालबुंद रस, फुंकनळी आणि घाम आठवतो. फिरोजाबादेत ते खरं असेल. माझी भट्टी विजेची आहे, पत्र्याच्या मोठ्या पेटीसारखी, आणि तिच्यापुढे निम्मा वेळ नुसतं थांबायचं असतं.

एवढ्या लवकर येण्याचं कारण असं की रात्री वीज गेली होती. नेमकी निववणीच्या वेळी.

निववणी हा या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. साध्या खिडकीच्या काचेचे दोन थर ८००-८२० अंशांवर एकमेकांत विरघळून एक होतात. मग भट्टी निवायला लागते, पण काच सगळीकडून सारखी निवत नाही. वरची कातडी आधी घट्ट होते, आतला गाभा मागून. हा ओढा आत तसाच अडकून राहिला तर ताट महिनाभर कपाटात शहाण्यासारखं बसतं आणि एके दिवशी कुणी हातही न लावता फुटतं. म्हणून साडेपाचशे अंशांच्या आसपास काच तासभर तशीच धरायची, सगळीकडे तापमान एक होऊ द्यायचं आणि मग हळूहळू खाली आणायचं. नेमकी तिथेच वीज गेली. विटांच्या अस्तरानं ऊब किती धरली असेल ते आता झाकण उघडल्यावरच कळणार.

सकाळी ८.४५

मामा आले. मामा आधी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचे, म्हणजे माझ्याकडे येताना निम्मी विद्या घेऊनच आले. डब्याची पिशवी खुंटीला अडकवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, उतरली का?”

बासष्ट अंश. दोघांनी मिळून झाकण उचललं. चार ताटांपैकी तीन नीट. चौथ्याला आडवा तडा.

तडा गेला म्हणून हळहळत बसायचं नसतं, तो वाचायचा असतो. तुकडा उजेडात तिरपा धरून कड बघायची. कड गोलसर, वितळून गुळगुळीत झालेली दिसली तर समजायचं की काच भट्टी चढताना फुटली आणि नंतरच्या तापात तिच्या कडा मऊ झाल्या. चूक तापवण्याच्या वेगात. कड पात्यासारखी धारदार असेल तर काच उतरताना फुटली. ही कड धारदार होती. मामांनी चष्मा कपाळावर चढवून, तुकडा नाकाजवळ नेऊन निदान केलं, “उतरताना गेली. लाइटीनं घात केला.” फुटक्या ताटाचे तुकडे चाचणीच्या डब्यात गेले. पुन्हा भाजून जोडता येतात, पण शिवण कायमची दिसत राहते आणि गिऱ्हाईक ती बरोबर शोधून काढतं.

सकाळी १०

फोन. गंगापूर रोडवर एका डॉक्टरांचा बंगला होतोय. त्यांच्या देवघराच्या खिडकीसाठी शिशात जडवलेल्या रंगीत काचांचं काम करायचं आहे: कमळ, पाणी आणि वर मोकळं आकाश. चित्र पसंत पडून झालंय. फोन कॉन्ट्रॅक्टरचा.

“मॅडम, तुमचा स्क्वेअर फुटाचा रेट काय पडतो?”

हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो. मी म्हटलं, कमळात बारीक तुकडे आहेत, आकाशात मोठे. आकाशाचा फूट आणि कमळाचा फूट एका भावाचा कसा होईल? ते म्हणाले, तुमचं बरोबर आहे मॅडम, पण माझ्या शीटमध्ये रकाना एकच आहे. ग्रॅनाइट फुटावर, टाइल फुटावर, पीओपी फुटावर. आणि फिल्म लावली तर याच्या दहाव्या हिश्शात काम होतं.

फिल्म म्हणजे काचेवर चिकटवायचा रंगीत छापील कागद. वर शिशाच्या पट्टीसारखी काळी रेघही छापून मिळते. लांबून फरक कळत नाही, हे मला कबूल आहे. जवळून कळतो, आणि देवघरात माणूस काचेच्या जवळच बसतो. रात्री दरपत्रक पाठवते म्हणून फोन ठेवला.

सकाळी १०.३०

काप. आमच्याकडे अजून सगळे कटरला ‘हिरकणी’ म्हणतात, हिऱ्याची कणी जाऊन पोलादी चाक आलं तरी. चाक रॉकेलमध्ये बुडवायचं आणि एकाच दाबानं, न थांबता ओढायचं. आवाज ऐकायचा. रेशीम फाडल्यासारखा बारीक ‘सर्र’ असा आला तर रेघ बसली. करकर आली तर जोर जास्त झाला. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवलं की काच मनाला येईल तिथून तुटते. काच कापली जात नाही, तिला फक्त कुठे तुटायचं ते सांगितलं जातं. मग दोन्ही अंगठे रेघेच्या दोन बाजूंना, मनगटाला जरासा झटका.

कमळाच्या पाकळीची आतली वळणं एका दमात निघत नाहीत. बारीक-बारीक चकत्या काढत जावं लागतं, मग ओल्या दगडावर घासायचं. ओल्याच. कोरड्या काचेची भुकटी छातीत जाते आणि तिथेच राहते.

भट्टीत घालायच्या साध्या काचेचं आणखी एक झंगट असतं. ही काच वितळलेल्या कथलाच्या तलावावर तरंगवून सपाट करतात. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं ही रीत १९५९मध्ये जगापुढे आणली आणि आज घराघरांतली काच बहुतेक अशीच बनते. त्यामुळे तिची एक बाजू कथलाला लागलेली असते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण त्या बाजूला काही रंग भट्टीत वेगळेच वागतात. अंधार करून अतिनील दिवा धरला की कथलाची बाजू दुधासारखी धुकट उजळते. मामा प्रत्येक काचेवर मार्करनं ‘क’ लिहून ठेवतात.

दुपारी १

जेवणाआधी हात साबणानं दोनदा, नखांत ब्रश घालून. शिशाचं काम आहे. कामाच्या खोलीत चहासुद्धा नाही, हा गाळ्यातला एकमेव कडक नियम. बाहेरच्या बाकावर भाकरी, मेथी, मिरचीचा ठेचा.

आत कपाटावर आजोबांचा प्रभाकर कंदील आहे. कराडजवळ ओगलेवाडीचा. ओगले बंधूंचा कारखाना १९१६चा. त्याच्याही आधी, १९०८मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून फंड जमवला, टिळकांनी पाठीशी बळ उभं केलं आणि स्वदेशीच्या त्या पैशांतून काच वितळली. तळेगावात शिकलेली माणसं पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. एवढी मोठी गोष्ट आपल्या नावावर आहे. पण तिच्यातून बाहेर काय आलं, तर चिमण्या, बरण्या, बाटल्या, दिवे. यात कमीपणा काही नाही. विदेशी चिमणीऐवजी देशी चिमणी वापरणं हे तेव्हा मोठं काम होतं. पण महाराष्ट्रानं काचेला उद्योग म्हणून पाटावर बसवलं, कासाराच्या हातून चुडा म्हणून मनगटात भरलं, हंड्या-झुंबरं करून दिवाणखान्यात टांगलं आणि कला म्हणून तिची विचारपूस करायची तेवढी राहून गेली. जे. जे.मध्ये चिनीमातीचा विभाग आहे, धातुकामाचा आहे, वस्त्राचा आहे. काच शिकायची तर अहमदाबादला एनआयडीत जायचं.

पश्चिमेकडेही काच कला म्हणून सहजी मानली गेलेली नाही. फ्रान्समध्ये नान्सीचा एमिल गाले आपल्या फुलदाण्यांवर सही करायचा. काचेच्या अंगातच, कधी वेलीच्या देठात गुंफून. सही आली तशी फुलदाणी दुकानातून संग्रहालयात गेली. १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात हार्वे लिटलटननं छोटी भट्टी लावून दोन कार्यशाळा घेतल्या. कारखान्याशिवाय, एकट्या कलाकाराला आपल्या खोलीत काच वितळवता येते, एवढंच त्याला दाखवायचं होतं. तिथून ‘स्टुडिओ ग्लास’ सुरू झालं असं मानतात. माझी ही पत्र्याची पेटी त्याच वंशातली.

मला मात्र जास्त जवळची वाटते ती क्लारा ड्रिस्कॉल. टिफनीचे ते प्रसिद्ध दिवे लुई टिफनीच्या नावानं जगभर गेले. त्यांतले कित्येक क्लाराच्या कल्पनेतून आले आणि तिच्या हाताखालच्या मुलींनी काचा निवडून-कापून सिद्ध केले, हे तिची पत्रं उजेडात आल्यावर कळलं. न्यूयॉर्कला तिच्या नावानं प्रदर्शन भरलं ते २००७ला. बाई १९४४ साली गेली होती.

दुपारी २.१५

सीएच्या ऑफिसातून मुलगा बोलतोय. नवीन आहे, नम्र आहे. “ताई, तुमच्या बिलावर एचएसएन कोड कुठला टाकू?”

जगातल्या प्रत्येक विकाऊ वस्तूला या कोडात जागा आहे. प्रकरण ७० म्हणजे काच. प्रकरण ९७ म्हणजे कलाकृती. मुलानं यादी वाचून दाखवली. शिशात जडवलेल्या काचा, कोड ७०१६. त्याच ओळीत आणखी काय-काय आहे ते मी त्याला मुद्दाम वाचायला लावलं: काचेच्या फरशा, काचेच्या विटा, मोझेकचे चौकोनी तुकडे. म्हणजे माझं कमळ विटांच्या शेजारी.

“आणि ९७ कधी?”

“शिल्प असेल तर, ताई. मूळ शिल्प, कुठल्याही माध्यमातलं. काचेचंही चालेल.” मग कागद उलटल्याचा आवाज. “नाहीतर शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, ९७०६.”

म्हणजे तेच कमळ आडवं कापून चौथऱ्यावर उभं केलं तर कला, खिडकीत बसवलं तर वीट, आणि वीट शंभर वर्षं टिकली तर पुन्हा वरच्या प्रकरणात बढती. मुलाला हसू आवरेना. ७०१६ टाक म्हटलं.

दुपारी ३.३०

स्कूटर काढून जुन्या नाशकात. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेले, त्यामुळे तांबट आळीपर्यंत गाडी, पुढे पायी. तांब्या-पितळेवर पडणारे ठोके गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतात. तांबटांना आळी आहे, सराफांना बाजार आहे. काचकामाच्या नावाची गल्ली या गावात माझ्या तरी पाहण्यात नाही.

एका वाड्यात माडीच्या दारांवर अर्धगोल तावदानं आहेत. लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या काचांची. एक निळी काच फुटली आहे, तिच्या जोडीला तशीच हवी. आजींनी आधी पाणी दिलं, मग बजावलं, “बघ हो, बेल्जमची काच आहे. सासूबाई सांगायच्या.”

बेल्जमची असेलही. त्या काळी रंगीत काच बाहेरूनच यायची. मी शिडीवर चढून लाकडी पट्टी सोडवली, वाळून दगड झालेली लांबी खरवडली आणि निळ्याचे तुकडे रुमालात घेतले. शेजारच्या लाल काचेचा कोपरा आधीच टवकलेला होता, म्हणून तीही उतरवली.

लाल काच समोरून बघितली तर रक्तासारखी लाल. तीच कडेवर उभी धरली तर कड जवळजवळ पांढरी, आणि तिच्या एका अंगाला नखाच्या टोकाएवढीही जाडी नसलेली लाल रेघ. हा लाल इतका गडद असतो की पूर्ण जाडीत घातला तर काच काळीच दिसेल. म्हणून कारागीर पांढऱ्या काचेचा गोळा लाल रसात बुडवून मग फुगवतो, आणि लालाचा पापुद्रा तेवढा वर चढतो. निळ्याचं तसं नाही. कोबाल्ट चिमूटभर पुरतं आणि रंग आरपार असतो. निळ्या तुकड्याची कड निळीच होती. त्यात दोन-तीन लांबट बुडबुडे, सगळे एकाच दिशेला ताणलेले. ही काच फुंकून नळकांडं केलेली, मग उभी चिरून, तापवून उलगडलेली. म्हणून ती कुठेच सपाट नसते. डोकं जरा हलवलं की समोरचा कडुलिंब लहरतो.

आजी खालून विचारत होत्या, मिळेल का तशी? बाजारातली निळी काच मिळेल, तिच्यात कडुलिंब लहरणार नाही. तशीच हवी तर जर्मनीत लाम्बर्ट्सच्या भट्टीत अजून तोंडानं फुंकून करतात, पण एका तावदानासाठी ती मागवायची म्हणजे आजींच्या पेन्शनला भारी. २०२३मध्ये युनेस्कोनं हातानं काच बनवण्याच्या कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अर्ज केला होता सहा देशांनी: झेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन. फिरोजाबाद त्यात नाही. तिथे आजही हजारो हात रोज काच फुंकतात, ओढतात, वळवतात, आणि त्या हातांना आपण कामगार म्हणून मोकळे होतो.

या वाड्यापासून जुनी मातीची गढी हाकेच्या अंतरावर आहे. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१मध्ये तिथे उत्खनन केलं होतं. सातवाहनांच्या काळातले काचमणी दख्खनमध्ये ठिकठिकाणी निघाले आहेत: नेवाशाला, तेरला, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला. या सगळ्या मण्यांचा, बांगड्यांचा, कुप्यांचा माग काढून ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ लिहिलं ते मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी. मुंबई विद्यापीठानं ते १९६९ साली छापलं. भारतीय काचेचा इतिहास एका मराठी माणसानं लिहिला, हे काचवाल्यांतही फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याच विद्यापीठाच्या राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाच्या रंगीत काचा अलीकडे स्वाती चंदगडकरांनी सुट्या करून, धुऊन, नव्या शिशात बसवल्या. मुंबईला गेलात तर वर बघा, घड्याळाच्या पलीकडेही काही आहे.

आजींना सांगितलं, माझ्याकडे जुन्या बाजारातून उचललेल्या फुटक्या तावदानांचा एक खोका आहे, त्यात निळा मिळतो का बघते. त्यांनी पैसे किती विचारलं. तुकडा सापडला तर फक्त बसवणी. “चहा घेऊनच जा,” म्हणाल्या.

संध्याकाळी ६

जडकाम. शिशाची पट्टी मऊ असते, आधी एक टोक पकडीत धरून ओढून ताठ करायची. आडव्या एचसारखा तिचा छेद. दोन्ही खाचांत काचा बसतात. पाटावर घोड्याच्या नालेचे खिळे ठोकून तुकडे जागेवर रोखायचे, कोपऱ्यापासून सुरुवात करत पुढे सरकायचं. एक पाकळी केसभर मोठी राहिली की चूक पुढच्या प्रत्येक तुकड्यात वाढत जाते आणि शेवटचं आकाश चौकटीबाहेर जातं. मग डाख. सांध्यावर फ्लक्सचा बोटभर लेप, कथील-शिशाची तार, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभरच टेकवायचं. जास्त टेकवलं तर डाखाबरोबर पट्टीही वितळून भोक पडतं. शेवटी खडूची भुकटी, जवसाचं तेल आणि काजळी कालवून ती लांबी ब्रशनं खाचाखाचांत भरायची. खिडकी खुळखुळत नाही ती या काळ्या लगद्यामुळे.

मामांना हे काम आवडतं. ॲल्युमिनियममध्ये एवढी भानगड नव्हती, म्हणतात, पण बघायलाही काही नव्हतं.

मध्येच दोन कॉलेजकुमारी आल्या, वाईनच्या रिकाम्या बाटल्या घेऊन. आमचा जिल्हा द्राक्षांचा, तेव्हा बाटल्यांना तोटा नाही. त्या चपट्या करून भिंतीवरचं घड्याळ करायचं होतं. काचकला म्हटलं की नाशकात पहिलं हेच सुचतं. करून देते म्हटलं, पण बाटलीची काच आणि खिडकीची काच एकत्र वितळवायची नाही. दोघींचं तापल्यावर फुगणं आणि निवल्यावर आक्रसणं वेगळं, त्या एकमेकींना फोडतात.

रात्री ८.३०

मामा गेले. भट्टीच्या तळाला ॲल्युमिना आणि चिनी मातीचा पातळ लेप, वाळल्यावर तळहातानं पुसून सारखा. सकाळच्या चौथ्या ताटाची जोडी पुन्हा मांडली. याच खेपेत एक बोटभर पांढरा तुकडाही ठेवलाय, काचेवरच्या भाजून पक्क्या होणाऱ्या रंगानं त्यावर माझं नाव आणि साल लिहिलंय. देवघराच्या खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बसेल असा. डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या छान दिसेल. कॉन्ट्रॅक्टर म्हणाले, देवघरात नाव कशाला?

रात्री १०

पत्रक. आधी चार ओळी लिहिल्या: चित्र, काच, शिसं-डाख-लांबी, बसवणी. खाली एकूण रक्कम. फुटाचा रकाना काढूनच टाकला आणि पाठवलं.

पाच मिनिटांत उत्तर: मॅडम प्लीज, स्क्वेअर फुटात सांगा, शीट बंद करायचीय.

मग तेही केलं. एकूण रकमेला फुटांनी भागलं, आकडा रकान्यात टाकला आणि खाली टीप घातली: खिडकी याहून लहान केल्यास तेच कमळ आणखी बारीक तुकड्यांत बसवावं लागेल, त्यामुळे फुटाचा दर वाढेल. मोठी केल्यास आकाश वाढेल, दर कमी होईल. सहीच्या तुकड्याचे पैसे नाहीत.